डोक्यातले पिवळे ठिपके

रविवारची दुपार. सांगलीतला माझा दवाखाना बंद, शटर अर्धं खाली, आणि आत मी धाकट्या भावाच्या डोक्यात हरवलेली. मी त्वचेची डॉक्टर. रोज पेशंटची डोकी बघते, पण चांगलं डोकं घेऊन डॉक्टरकडे कोण येतंय? त्यामुळं भिंगाखाली धडधाकट कातडी दिसली की मला सोडवत नाही.

आपल्याला वाटतं केस एकेकटे उगवतात. कुठलं काय! एका छिद्रातून दोन, कुठं तीन, उसाच्या डोळ्यातून फुटवे यावेत तसे. मध्ये गुलाबीसर कातडी, तिच्यात बारीक लाल वेटोळी. भिंगाला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते सगळं रान हळूहळू सरकत होतं, वर पंखा फिरत होता, आणि आपण कुठं बसलोय याचाच मला विसर पडत होता.

"आक्का, झोपलीस काय गं?" भाऊ म्हणाला. "चाई हाय का न्हाई, येवढं सांग."

मागं एकदा केस गळून त्याच्या डोक्यावर चाईचे गुळगुळीत चट्टे पडले होते, आणि मुलीकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं होतं. पोराच्या डोक्यात कीड लागलीय म्हणे! अस्सा संताप आला होता मला. पुढं केस परत आले, चांगले दाट आले. आता कवठे महांकाळकडची एक मुलगी पसंत पडली होती, सुपारी फुटली होती, रोज दोघांचं फोनवर गुलुगुलु चालायचं. पण हा हटून बसलेला. चाई परत येत असेल तर तिला फसवणार नाही, आजच सांगून मोकळा होणार.

"गप बस रं, हलू नको," म्हणत मी भिंग कानाच्या वर नेलं. आणि हात थांबला. केसांच्या बुडाशी पिवळे ठिपके. एक इथं, दोन तिथं. चाईत छिद्रांमध्ये असेच पिवळे ठिपके दिसतात. देवा, पुन्हा नको रे, एवढंच मनात येत राहिलं.

मी गप्प झाले, त्यात त्याला काय ते कळलं. उठला, खिडकीपाशी गेला आणि मुलीला फोन लावला. शेतातल्या सवयीनं तो फोन कायम स्पीकरवरच ठेवतो.

"हे बघ, मला चाई हुती," तो म्हणाला. "परत येतीया. तुमी न्हाई म्हणलासा तरी माझा राग न्हाई."

काहीतरी करायचं म्हणून मी कापसानं भिंग पुसायला घेतलं, तर कापूस पिवळा. वास घेतला, हळद! हात्तिच्या! सकाळी हा पालीच्या खंडोबाला जाऊन आलेला. देवाचा भंडारा, लगेच धुवायचा कसा, म्हणून नुसतं डोकं झटकून माझ्याकडं आला होता. मी फोन हिसकावायला धावले, तेवढ्यात मुलगी बोलली.

"आवं, मला वाटलं माझंच कळलं तुमाला." तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला बी चाई हाय. कानामागं. येणीखाली झाकती मी. आईनं शपथ घातलीया कुणाला सांगू नको म्हणून. तुमचा फोन ठिवला की रोज रडती."

भाऊ खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "रडू नको. आपुन दोघं मिळून आक्काला दावू. लगीन ठरल्याप्रमाणं हुणार."

त्यानं फोन ठेवला. मी डोळे पुसत, हसत तो कापूस त्याच्यापुढं धरला. "अरं गाढवा, ह्यो भंडारा हाय! तुझं डोकं ठणठणीत हाय!"

मला वाटलं, आता हा उड्या मारणार. तो त्या कापसाकडं बघत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "तिला इतक्यात सांगू नको. एकटी पडंल ती."