नाव असेल त्याचं भांडं

गुणवंतराव खापरे आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत आणि कारखान्याच्या फाटकावर झडती घेत. पाळी सुटली की हे फाटकात उभे. डबा उघडा, टोपी काढा, जोडे झटका. चीनच्या लढाईनंतर जबलपूरचे दारूगोळ्याचे कारखाने दिवसरात्र चालायला लागले, पितळेच्या तुकड्याला सोन्याचा मान आला आणि गुणवंतरावांच्या झडतीला देशभक्तीचं तेज चढलं. एकदा विश्वकर्मा पूजेला त्यांचे सासरे हौसेनं कारखाना बघायला आले, तर बाहेर पडताना जावयानं त्यांच्या धोतराचा सोगासुद्धा झटकून पाहिला. सासरे त्यानंतर जबलपूरला आले नाहीत.

अशा माणसाच्या हाती आमचे संसार सापडतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण पासष्ट सालच्या ज्येष्ठात एका संध्याकाळी आंधी आली. आमच्या क्वार्टरांच्या लायनीची छपरं उडाली, पत्रे रिछाईकडच्या शेतांत जाऊन पडले आणि मागोमाग झालेल्या पावसानं नाला घरांत शिरला. माणसं वाचली. भांडी, पेट्या, गाद्या, कोंबड्या मात्र जिकडं वाट मिळाली तिकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी बापे माणसं चिखलातून एकेक वस्तू वेचून आणायला लागली आणि आमचं मंडळ जिथं गणपती बसवतं त्या हॉलमध्ये सगळ्यांचा संसार एका ढिगात जमा झाला.

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब. यांचं घर पक्कं, स्लॅबचं, त्यामुळे आंधीबद्दल ते फार धीरानं बोलत. त्यांनी किल्ली गुणवंतरावांना दिली. म्हणाले, "असा चोख माणूस दुसरा नाही." चोख होतेच ते. त्याचाच तर घोटाळा झाला.

कारखान्यात पान्या-हातोड्यापासून प्रत्येक हत्यारावर विभागाचा शिक्का असतो. सापडलेलं हत्यार ज्याचा शिक्का त्या विभागात परत जातं, विचारपूस नाही. गुणवंतरावांनी तोच कायदा हॉलला लावला. भांड्यावर ज्याचं नाव, भांडं त्याचं.

आता आपल्यात भांड्यावर नाव कोणाचं असतं? देणाऱ्याचं! लग्नात, मुंजीत, बारशाला जो भांडं देतो तो आधी सराफ्यात जाऊन आपलं नाव ठोकून घेतो, म्हणजे घेणाऱ्यानं जन्मभर वरण ढवळताना आपली आठवण काढावी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊजी, ही कळशी माझी आहे. नाव माझ्या मामेसासऱ्यांचं आहे, त्यांनी दिली म्हणून."

"वहिनी, कोणी दिली अन् कोणी घेतली ते कळशी सांगून नाही राहिली," ते म्हणाले. "नाव सांगून राहिलं." आणि माझ्या डोळ्यांदेखत कळशी मामेसासऱ्यांच्या घरी गेली. दोनच घरं पलीकडे राहतात. त्यांनी ती मुकाट्यानं ठेवूनही घेतली.

मग काय, आंधीनं उडवलं नव्हतं तेही उडालं. एका परातीवर एकाखाली एक तीन नावं निघाली. एकाच परातीनं तीन लग्नं लावली होती, हे चारचौघांत कळलं आणि त्या तीन घरांचं हळदीकुंकू बंद झालं. ज्यांची भांडी जात होती ते ओरडत होते, ज्यांना मिळत होती ते तत्त्वाच्या गोष्टी करत होते. तत्त्वाच्या बाजूनं सर्वांत पुढे भय्यासाहेब. लोकांच्या लग्नांत त्यांनी मोठमोठी पातेली दिली होती, ती सगळी एका आठवड्यात घरी परत आली. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

नियमानं गुणवंतरावांनाही त्यांचा माल मिळाला. त्यांनी जन्मभर ज्याला त्याला एकेक वाटी दिली होती. चहाच्या बशीला लाजवेल इतकी उथळ वाटी, आणि तिच्यावर काठापासून काठापर्यंत 'गुणवंत रामकृष्ण खापरे'. त्या वाट्यांनी एक पोतं भरलं.

भांड्यांचं हे असं. पण जनावरांचं काय? अनसूयाकाकूंची बकरी होती, बेबी. काकू विधवा, फिटर नवऱ्याच्या पेन्शनीवर एकट्या राहत. ही बकरी म्हणजे त्यांच्या चहाचं दूध आणि दिवसभराचं बोलणं. बेबीला कोणीतरी शेतातून धरून आणून हॉलच्या खिडकीपाशी खांबाला बांधलं होतं. काकू धावत आल्या, तर गुणवंतराव दारात.

"काकू, हिच्यावर नाव नाही."

"अरे, बकरीवर नाव कुठं असते? साऱ्या लायनीला माहीत आहे माझी बेबी!"

"साऱ्या लायनीला माहीत आहे असा गेटपास नसतो, काकू."

काकूंनी हाक मारली, बकरी दोरी ताणून बें बें करायला लागली. गुणवंतराव म्हणाले, भुकेली आहे, कोणालाही ओरडेल. मला इतका संताप आला की मी त्यांना तोंडावर म्हटलं, "तुमच्या कपाळावर तरी कुठं नाव आहे?" ते हसले नाहीत. हसायचा पासही त्यांच्याकडे नसावा.

बेबी तिथं बांधलेलीच राहिली. तिनं गणपतीच्या मखराचा पडदा खाल्ला, पण दूध आटलं. शेवटी काकूंनी देवघरातली घंटी उचलली, सराफ्यात जाऊन तिच्यावर 'अनसूया' ठोकून आणलं आणि भर दुपारी गुणवंतराव जेवायला गेले असताना खिडकीतून हात घालून बकरीच्या गळ्यात बांधली. परत येऊन गुणवंतरावांनी घंटी वाचली. "हे बघा, आता कसं नीट झालं," म्हणाले आणि बकरी काकूंच्या हवाली केली. दूध काही परत आलं नाही. काकू काळा चहा प्यायला लागल्या.

सगळ्यांत शेवटी नाल्याच्या गाळातून एक ट्रंक निघाली, कुलूप तुटलेली. ती पाहताच गुणवंतरावांची बायको पुष्पा रडायलाच लागली. मुलीच्या, लतिकेच्या लग्नाची भांडी! स्वतःच्या लग्नात, लतिकेच्या बारशाला, धाकट्याच्या मुंजीत आलेलं एकही भांडं तिनं वापरलं नव्हतं. स्वतः जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भात शिजवला आणि पितळ मुलीसाठी ठेवलं. मार्गशीर्षात लग्न ठरलेलं, सासर नागपूरचं आणि भांडी मोजून घेणारं. अर्थात त्या प्रत्येक भांड्यावर नाव होतं दुसऱ्याचं.

सगळी लायन हॉलपाशी जमली. मीही गेले, खोटं काहून बोलू, मजा बघायलाच गेले. गुणवंतराव ट्रंकेपाशी बसले. चेहरा पांढरा पडला होता. पुष्पा म्हणाली, "अहो, पोरीचं आहे." त्यांनी पहिलं पातेलं उचललं, नाव वाचलं आणि ज्याचं होतं त्याला दिलं. मग दुसरं. मग तिसरं. माणूस मूर्ख होता, लबाड नव्हता. एवढं मला त्या दिवशी कबूल करावं लागलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

तळाशी मोठा तांब्याचा हंडा होता. लतिकेच्या बारशाला तो अनसूयाकाकूंनी दिला होता, नवरा होता तेव्हाचा. वाटलं, काकू तरी नको म्हणतील. काकूंनी हंडा कमरेवर घेतला आणि सरळ घरी गेल्या. पुष्पानं त्यानंतर नवऱ्याशी बोलणं टाकलं.

पुढं पाकिस्तानशी लढाई झाली. बाजारातून तांबं-पितळ जे गेलं ते गेलंच. ओमतीपासून सराफ्यापर्यंत पुष्पा वणवण फिरली, एक धड हंडा मिळाला नाही. घरात होत्या त्या वाट्या. लतिका त्या घासून रुखवतासाठी मांडत होती आणि प्रत्येकीवर बापाचं नाव वाचून डोळे पुसत होती.

लग्नाच्या दिवशी गुणवंतराव मांडवाच्या दारात उभे होते. पाहुणे यायला लागले. आणि काय सांगू, ज्याच्या त्याच्या हातात ट्रंकेतलं तेच पातेलं, तीच परात, तीच कळशी! बाजारात भांडं नाही, घरात हे आलेलं आणि वर देणाऱ्याचं नाव आयतं ठोकलेलं. लाजेनं असो की सोयीनं, माणसं घेऊन आली. पुष्पा एकेक पोचा ओळखून भांडं छातीशी धरत होती. भय्यासाहेब मात्र रिकाम्या हातानं आले आणि पुष्कळ आशीर्वाद देऊन गेले.

शेवटी अनसूयाकाकू आल्या, कमरेवर हंडा. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. दारात गुणवंतरावांसमोर त्या थांबल्या.

"नाव वाचून घे, गुणवंता. बरोबर आहे ना?"

गुणवंतराव खाली बघायला लागले. "काकू, लाजवता काहून? या ना आत."

"नाही, वाच. माझ्या बेबीवर नाव नव्हतं तर तू मला दिली नाही. माझं नाव आहे म्हणून मी पोरीचा हंडा काहून ठेवू?"

गुणवंतराव दारातून बाजूला झाले आणि हंडा घ्यायला दोन्ही हात पुढे केले. काकूंनी त्यांना दिला नाही. त्या तशाच आत गेल्या आणि हंडा लतिकेच्या हातात ठेवला.