ओसाडीचा राखणदार

हरिबा कोळेकरची आणि माझी पहिली भेट झाली ती साडेसहाशे प्रेक्षकांच्या साक्षीनं.

मी मूळचा मेढ्याचा. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो, की चार महिने माणसं एकमेकांना तोंडावरून नव्हे, छत्रीवरून ओळखतात. तिथून उचलून शासनानं मला सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला टाकलं. इथं छत्री उघडली की लोक काळजीनं विचारतात, "बरं न्हाई का?" तालुक्याच्या क्रीडा कार्यालयात लिपिक म्हणून हजर झालो आणि तिसऱ्याच दिवशी साहेबांनी माझ्या हातात एक फाईल ठेवली. 'खडकेमाळ येथील वापरात नसलेल्या स्टेडियमच्या पर्यायी वापराबाबत.' "जा, पाहणी करून या," म्हणाले.

भर बाराच्या उन्हात मी पोचलो. गंजलेल्या फाटकातून आत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. समोरची गॅलरी खच्चून भरली होती! खालच्या पायरीपासून वरच्या पत्र्यापर्यंत तीळ ठेवायला जागा नाही. आणि शिस्त काय ती! शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, पुढच्याच्या डोक्यावर शेंगांची टरफलं नाहीत. सगळे काळ्या-पांढऱ्या पोशाखात, मैदानाकडे तोंड करून, एका तालात काहीतरी चघळत बसलेले. राज्यपातळीवरचा सामना चालू आहे आणि आमच्या कार्यालयाला पत्ता नाही, या विचारानं मला घाम फुटला. मी शर्ट खोचला. भांग सारखा केला. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची शोधत चार पावलं पुढं गेलो, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मान्यवरानं माझ्याकडे पाहिलं आणि "ब्यॅऽऽ" केलं.

मेंढरांच्या मागून आधी काठी उगवली, मग पागोटं, मग मिशा. मिशा पूर्ण उगवायला बराच वेळ लागला. त्यांच्या मागोमाग माणूस आला.

"कंच्या गावचं पावनं?"

"शासनाकडून आलोय," मी छाती काढून म्हणालो.

"मग खाली बघून चाला. लेंड्या हायेत."

हा हरिबा. स्टेडियमचा राखणदार. मेंढरं त्याच्या भावांची. स्टेडियमची गोष्ट अशी, की ऊसपट्ट्यातले एक पुढारी, लालासाहेब, एकदा परगावी क्रिकेटचा सामना बघून आले आणि आपल्याही भागात असं काहीतरी हवं म्हणून हटून बसले. जागा ठरली खडकेमाळाची अकरा एकर, हरिबाचे वडील बिराप्पा यांची. भिंत झाली, गॅलरी झाली, तिकिटाची खिडकीसुद्धा झाली. पाणी आणि रस्ता तेवढा राहिला. दिवाळीच्या सुट्टीत कबड्डीचा एक सामना झाला. मैदानात मातीपेक्षा खडे जास्त, त्यामुळे दोन्ही संघांची मिळून नऊ ढोपरं फुटली. त्यानंतर तिथं कुणी खेळलं नाही. लालासाहेब निवडणूक हरले, मग वारलेही. ज्याची जमीन त्याच्या घरचा एक माणूस राखणीला, या बोलीवर लागलेला हरिबा तेवढा उरला. तो आणि त्याची बायको हरणाबाई तिकिटाच्या खोलीत राहायची. खिडकीतून आता तिकिटाऐवजी चहा मिळायचा, मेंढीच्या दुधाचा. पहिल्या घोटाला मेंढी आठवायची, तिसऱ्यापासून सवय व्हायची.

मी जोमानं पर्यायी वापर शोधायला लागलो. आधी मंगल कार्यालयासाठी जागा शोधणारे आले. हरिबानं त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि अदबीनं म्हणाला, "जागा लय चांगली. आजपतुर हितं तीन साखरपुडं झालं." पाहुणे खूश. "तिन्ही मोडलं," हरिबा म्हणाला.

मग बेदाण्याच्या शेडसाठी द्राक्षबागायतदार आले. त्यांना कोरडी, स्वच्छ हवा हवी होती. हरिबानं प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि नेमकं त्याच वेळी हरणाबाईला वरच्या पायऱ्या झाडायची आठवण झाली. बागायतदार खोकत खोकत गाडीपर्यंत गेले.

पोलीसभरतीच्या तयारीसाठी पळायला पोरंपोरी येऊ लागली, त्यांना त्यानं तिसऱ्या दिवशी नागांची गोष्ट सांगितली. "शिराळ्यात आता पुजाय नाग धरू द्येत न्हाईत. मग पंचमीला त्ये नाग काय करत्यात? त्यास्नी सुट्टी असती. समदं हितं येत्यात." चौथ्या दिवशी मैदानात कुणी नव्हतं.

मी प्रत्येक वेळी अहवालात लिहायचो, 'सदर वापरासाठी ठिकाण अनुकूल नाही.'

मला शंका आली ती एका दुपारी. मेंढरं नेहमीप्रमाणे गॅलरीत बसलेली, आणि हरिबा मैदानात उकिडवा बसून गवताची कोवळी पाती मुळासकट उपटत होता. मेंढपाळाचा मुलगा गवत उपटतोय, हे काही मला पटेना.

"हरिबा, अहो राहू द्या की तेवढं हिरवं!"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. अकरा एकरांत आम्ही दोघंच होतो, तरी आवाज खाली आणला.

"तुमी आपलं म्हनून सांगतो, भाऊसाब. सांगलीच्या येस्टीत मला एक वकील भेटला. त्यो म्हनला, सरकारनं ज्या कामाला जमीन घेतली त्ये काम धा वर्सं झालं न्हाई, तर जमीन मालकाला माघारी मिळती. कबड्डीची म्याच झाली तवापासनं मोजतोय. चार दिवाळ्या झाल्या. सा ऱ्हायल्या."

"म्हणून मेंढरं पायऱ्यांवर?"

"मग! लेंडी जमिनीत पडली की गवत येनार. गवत आलं की खेळ येनार."

खिडकीतून हरणाबाई ओरडली, "वकील कुठं उतरला त्ये बी सांगा की!"

"कुठं उतरला?" मी विचारलं.

"मिरजंला," तीच म्हणाली. "तिकीट काढलं न्हवतं म्हनून कंडक्टरनं उतरवला."

मी हसलो. हरिबा हसला नाही.

"भाऊसाब, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन भाईर पडनार. कऱ्हाड, पार वाईपतुर. लोकं रानात मेंढरं बसवून घेत्यात, लेंडीचं खत मिळतं म्हनून. चार रात्री ह्याच्या रानात, चार त्याच्या. आठ म्हैनं मुलूख दुसऱ्याचा. पावसाळ्यात तेवढा ह्यो माळ आपला. माघारी येताना त्यो वढा वलांडला की मेंढरं पळत सुटायची, हाकावं लागायचं न्हाई. आता माझ्या भावांना त्ये चार म्हैनंबी कुनाला तरी इचारून ऱ्हावं लागतंय. बाप जाताना म्हनला, माळ तेवढा सोडव."

तिकिटाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या चार रेघा होत्या. मी आधी त्या दुधाच्या हिशेबाच्या समजलो होतो.

पुढच्या महिन्यात कामानिमित्त सांगलीला गेलो, तेव्हा खडकेमाळाची मूळ कागदपत्रं काढून पाहिली. हरिबाला मदत करावी, एवढाच हेतू. ती जमीन सरकारनं घेतलेलीच नव्हती. बिराप्पा कोळेकर यांनी ती खेळाच्या कामासाठी राजीखुशीनं बक्षीस दिली होती. नोंदवलेलं बक्षीसपत्र, खाली अंगठा, सोबत फोटो: खांद्यावर शाल, हातात नारळ, बाजूला हसरे लालासाहेब. मी तिथल्या जाणत्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "दिलेलं बक्षीस परत कसं मागणार? दहा वर्षं ठेवा नाहीतर शंभर ठेवा."

परत आलो तेव्हा हरिबा फाटकाशी उभाच होता.

"काय म्हनतीया सांगली?"

मी तोंड उघडलं. हरणाबाईनं चहा पुढं केला. मी म्हणालो, "कागद सापडत नाहीत अजून."

पुढच्या वेळी सांगू, असं मी ठरवलं. पुढच्या वेळी त्यानं पाचवी रेघ ओढली होती. मग सहावी. माणूस दर दिवाळीला अंघोळ करून, नवा सदरा घालून रेघ ओढतो, आणि तुम्हाला तिथं जाऊन सांगायचंय की ती रेघ कशाचीच नाही. मी माझ्या परीनं त्याला मदत करत राहिलो, म्हणजे आणखी तीन पर्यायी वापर नाकारले. ओसाडी राखायचं काम आता आम्ही दोघं मिळून करत होतो. त्याला त्यात जमीन दिसत होती. मला चहा गोड लागेनासा झाला होता.

नववी रेघ ओढली त्याच्या पुढच्या वर्षी पूर्वेला पाऊस बरा झाला. भाद्रपदात मी गेलो तर गॅलरी रिकामी. मेंढरं मैदानात. वाघराची जाळी लावून त्यांचा चौकोन केलेला, आणि हरिबा जाळीच्या खुंट्या उपटून पुढं सरकवत होता. मागच्या चौकोनात गुडघ्याएवढं गवत.

"हे काय चालवलंय?"

"बसवतोय की मेंढरं. तीन दिस हितं, तीन तितं. समदा माळ होत आला."

"अहो, पण ओसाड दिसायला हवा ना?"

"म्याबी त्येच म्हनतीया!" हरणाबाई खिडकीतून. "नऊ वर्सं गवात उपटलं आन आता ऐन टायमाला खत घालाय लागल्यात."

हरिबानं खुंटी ठोकली. "पुढल्या मिरगाला बाजरी करायची म्हंजी खत आत्ताच पायजे. जमीन हातात आल्यावर घालू म्हनलं तर एक साल वाया जातंय. आन भाऊसाब, जमीन हाय ती. तिला काय म्हाईत, आपली केस चालू हाय म्हनून?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गवत छान आलंय."

त्या वर्षी आमच्याकडे वीरधवल नावाचे तरुण साहेब आले होते. झपाट्याचा माणूस, जिन्यावरून उतरायच्या ऐवजी सांडायचे. तालुक्याला एका मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरला आणि हेलिकॉप्टर उतरवायला जागा शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. आमच्या भागात हेलिकॉप्टर उतरवलं तर अर्धा तालुका हवेत जातो. धूळ नसलेली जागा हवी होती, आणि जिल्ह्याच्या त्या टोकाला धूळ नसलेली अकरा एकर एकच होती.

साहेब फाटकातून आत आले आणि माझ्यासारखेच थांबले. सगळा माळ पिवळा, मधे हे हिरवंगार.

"याला तुम्ही फाईलवर पडीक म्हणता? इतकी वर्षं कसली पाहणी केलीत?" ते मला म्हणाले. मग हरिबाकडे वळले. "कुणी केलं हे?"

"म्या," हरिबा म्हणाला.

"एकट्यानं?"

मी मागून हातानं खुणा करत होतो. पण इतक्या वर्षांत त्या माणसाला त्याच्या कामाबद्दल कुणी चांगला शब्द बोललं नव्हतं. हरिबानं साहेबांना अख्खं मैदान फिरवून दाखवलं. कुठं किती दिवस मेंढरं बसवली, कुठं खडे वेचले, कुठं पाणी मुरतं, सगळं सांगितलं. नागांचं नाव काढलं नाही. साहेबांनी त्याच्याबरोबर फोटो काढला. आठवडाभरात आदेश आला: स्टेडियमचा पर्यायी वापर म्हणून मैदानाच्या मधोमध काँक्रीटचं कायमस्वरूपी हेलिपॅड.

काँक्रीट ओतायला मिक्सर आला तेव्हा मी तिथं होतो. हरिबा गॅलरीच्या खालच्या पायरीवर, मेंढरं बसायची तिथं बसला होता. मी शेजारी बसलो.

"भाऊसाब," तो म्हणाला, "ईस दिस ऱ्हायलं हुतं दिवाळीला. आता पयल्यापासनं मोजायचं का?"

त्याला तेव्हा सत्तावन्न पुरी होत होती. तो खरोखरच दहा मिळवून पाहत होता. मग मी सांगितलं. बक्षीसपत्र, अंगठा, शाल, नारळ, सगळं.

हरिबानं पायरीवरची वाळकी लेंडी उचलून मैदानात टाकली.

"बापाला म्हाईत नसनार," हरिबा म्हणाला. "त्याला वाटलं असंल, फोटू काढायचा तर अंगठा द्यावा लागतो." मग माझ्याकडे वळून, "तुमाला कवा कळलं ह्ये?"

"पाच वर्षं झाली."

तो उठून खोलीकडे चालू लागला. मागं उभी असलेली हरणाबाई बोलली, आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता. "पाच वर्सं आमच्या हातचा च्या पीत हुतासा की वो भाऊसाब."

दुसऱ्या दिवशी हरिबा कार्यालयात आला. राजीनाम्याचा अर्ज मीच लिहून दिला. त्यानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, खाली आणखी काही लिहिलेलं नाही ना ते विचारलं, आणि मग अंगठा उठवला. दिवाळीची वाट न बघता भावांबरोबर मेंढरं घेऊन तो कऱ्हाडकडे गेला. तिकिटाच्या खोलीला त्यानं आतून चुना मारून ठेवला होता.

वीरधवल साहेबांनी फाईलवर शेरा मारला, 'पर्यायी वापर निश्चित. प्रकरण बंद.' कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं. पाहुणे मोटारीनं आले.