जीपचं तोंड केवढं असावं

यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला दीड वर्ष झालं. हात बराच सुधारला. पाय मात्र, काय सांगू, असून नसल्यासारखा. चालतात काठीनं, पण चप्पल निसटली तरी यांना कळत नाही, मागून मीच उचलून आणते.

आमची जुनी पेट्रोलची जीप दारात उभी. ती स्वतः चालवायची, एवढा एकच ध्यास. दुसऱ्याच्या गाडीत बसले की म्हणायचे, "पोतं करून टाकलंय माझं." पण कार्बोरेटरची गाडी ती, सकाळी चालू करायची तर पायानं चारदा पंप करा, मग ती खोकणार. तेवढं बळ कुठून आणायचं?

म्हणून धुळ्याच्या मिस्तरींनी सुचवलं, कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवू. किल्ली फिरवली की चालू. यांचा चेहरा असा उजळला की मी नको म्हणूच शकले नाही.

आता त्यात थ्रॉटल बॉडी म्हणून एक भाग असतो. इंजिनाचं तोंडच म्हणा ना, पायानं दाबलं की झडप उघडते आणि हवा आत जाते. आम्ही दोघं जळगावच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो, तिथे दोन निघाले, एक लहान, एक चांगलं रुंद. मिस्तरी सोबत नव्हते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर शिवणकाम केलेली बाई. पोरांचे गणवेश वाढत्या अंगाचे शिवायचे, ब्लाउजात आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं, हीच माझी अक्कल. म्हटलं, "मोठंच घ्या. कमी पडायला नको."

मिस्तरींनी ते हातात घेऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, हाई काय सदरा शे का, ढिला चाली जाई?" मग समजावून सांगितलं. इंजिन केवढं, ते जास्तीत जास्त किती फिरणार, त्याला लागेल तेवढीच हवा, त्यावरून माप ठरतं. तोंड मोठं झालं की पाय जरासा टेकला तरी एकदम हवा घुसते आणि गाडी उडी मारते. तरी यांच्या हट्टापायी ते बसवून पाहिलं. मिस्तरी स्वतः चालवत होते तरी गाडी बकरीसारखी उधळली. हे हसले, "मोठं घ्या म्हणे." मीही हसले.

मग लहान आणलं. शिंदखेड्याच्या बाजाराचं आवार रिकामं होतं, तिथे मिस्तरींनी फेरी मारली. अशी मऊ चालली, जणू पाण्यावर. मग हे बसले. मिस्तरी शेजारी, हात हँडब्रेकवर. मी मागे.

पहिल्यांदा हलली ती झटक्यानं. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा आवाज चढतच गेला, चढतच गेला, आणि यांना वाटत होतं आपण पाय उचललाय. मी पाहत होते, पाय तिथेच होता, दाबलेला. आवाराची भिंत हातभर अंतरावर राहिली तेव्हा मिस्तरींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

हे समोर बघत होते. मग हळूच म्हणाले, "अजून मोठंच वाटतंय हो. याहून लहान तोंड मिळेल का?"

मिस्तरींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. याहून लहान लावलं तर इंजिनाचा श्वास कोंडेल, चढावर गाडी निघणार नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. यांनाही ते माहीत होतं, माझ्याआधीपासून.

"मिळी जाई ना नाना," मिस्तरी म्हणाले. "शोधतो मी."

मी पदरानं यांच्या मानेवरचा घाम पुसला. दुसरं काय करणार होते?