गायरानाचा सामू

आटपाडीकडचे एक मेंढपाळ दरवर्षी आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत माळावरची माती घेऊन येतात. खुर्ची दिली तरी उकिडवेच बसतात आणि पिशवी पुढं सरकवत विचारतात, "बघा जरा, आमचा सामू काय म्हणतोय?" सामू म्हणजे मातीचा आम्ल-विम्ल आकडा. तिकडं तो चढला की माती बिघडली. पण त्यांच्या तोंडी तो तापानं फणफणलेला घरचाच माणूस होतो.

गायरानाच्या एका तुकड्यात त्यांनी कित्येक वर्षं मेंढरं घातली नाहीत. तिथं तरवडाची झुडपं माजली, खाली पाला कुजायला लागला. यंदा मी दोनदा मोजलं. साडेआठाचा आकडा आठावर आला होता!

"आवं, सामू उतरला!" मी त्यांच्याच बोलीत ओरडलो.

ते ताडकन उठले आणि फोनवर घरी गरजले, "आत्ताच मेंढरं आत सोडू नगा! सामू उतराय लागलाय!"

मग मी फॉर्म भरायला घेतला. मालकाचं नाव विचारलं की ते दरवर्षी म्हणायचे, "गायरानाला कसला मालक? कोरं ठेवा." यंदा त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सामू लिवा."

मी ठळक अक्षरांत लिहिलं.