कुंदाची टाळी

रजया उन्हात टाकायला मी गच्चीवर गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. कुंदाचा मुलगा अनिकेत. "मावशी, मम्मी चली गईं... आज सुबह," एवढंच म्हणाला. इथं चंदीगडमध्येच वाढलेला मुलगा, 'मावशी' सोडून सगळं हिंदीत बोलतो, आणि कुंदा त्यावरून त्याला कायम टोचत आली. ती आजारी होती, फार दिवस नाहीत हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी फोन ठेवल्यावर मी एकच रजई किती वेळ झटकत राहिले कोण जाणे. त्याला आता सहा आठवडे होतील.

कुंदा मूळची अमरावतीची. इथल्या एका वैद्यकीय संस्थेत शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करायचं आणि त्यातून विद्यार्थ्यांसाठी फिल्म तयार करायच्या, हे तिचं काम. मी साताऱ्याची, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. गाठ पडली ती मराठी मंडळाच्या गणपतीत. मुलांच्या नाटुकल्याआधी ही बाई कॅमेरा तिपाईवर लावायची, सुरू करायची, आणि मग स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन एक सणसणीत टाळी वाजवून निघून जायची. मुलं तिला टाळीमावशी म्हणत. मला वाटायचं, बाईला मिरवायची हौस दिसतेय. तयार कॅसेट घरी यायची तेव्हा तिच्यात ती टाळी नसायची, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग माझं काम पडलं तिच्याकडे. माझा भाऊ अमेरिकेतून आला होता, तेव्हा आई इथं आमच्याकडे होती. त्यानं आपल्या नव्या कॅमेऱ्यानं आईला काळा मसाला करताना टिपलं. भाजण्यापासून कुटण्यापर्यंत, चांगली चाळीस मिनिटं. पुढच्या वर्षी आई गेली. मसाल्याचं प्रमाण तिनं कधी लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे होती ती फक्त ती कॅसेट. ती मी बाजारातल्या एका दुकानातून कम्प्युटरवर उतरवून घेतली. पाहायला बसले तर आई पाण्यातून चालल्यासारखी सावकाश हलत होती आणि तिचा आवाज मात्र पुढे पळत होता. तोंड मिटलेलं आणि आई बोलतेय... मला ते बघवेना. तरी दिवाळी आली म्हणून ती फाइल लावून मी मसाला करायला घेतला. चित्रात आई खोबरं परतत होती आणि आवाज सांगत होता, "हे फार नाही भाजायचं, रंग बदलला की लगेच काढ." मी आज्ञाधारक मुलीसारखं खोबरं पांढरंफटक असतानाच काढलं. ती सूचना तिळांची होती! मसाला महिन्याभरात खवट झाला. आमचे हे बिचारे त्याचीच आमटी खात राहिले, आणि मी स्वयंपाकघरात डोळे पुसत राहिले.

कुणीतरी सुचवलं म्हणून भीत भीत कुंदाकडे गेले. तिच्या मोहालीच्या घरात मागच्या व्हरांड्याची खोली करून तिथं कम्प्युटर मांडला होता. त्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं आणि आत वारा घालायला टेबलफॅन. फाइल सुरू झाली, आईचा आवाज आला आणि माझा बांध फुटला.

"काहून रडून राहिली वं?" कुंदा डाफरली. "फाइल काही मेली नाही. तिला चुकीचं वाचलंय फक्त. कॅमेरा कोणाचा होता?"

"भावाचा. अमेरिकेतला."

"हे पाह्य! तिकडचा कॅमेरा सेकंदाले तीस चित्रं घेते, आपल्या इकडे पंचवीस. दुकानदारानं कम्प्युटरले सांगितलं, पंचवीसचं आहे. त्यानं ऐकलं बिचाऱ्यानं. तुझी आई हळू नाही झाली, तिले हळू मोजलंय."

तिची रीत डॉक्टरांसारखी होती. आधी प्रश्न विचारायची. कॅमेरा कोणाचा, आवाज कशावर घेतला, कम्प्युटरला काय सांगितलं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ती माउसला हात लावत नसे. सॉफ्टवेअरला कुणी शिव्या घातल्या की तिला राग यायचा. एकदा संस्थेतले एक बडे सर्जन म्हणाले, "मॅडम, एक सेकंद आगे-पीछे होने से क्या फर्क पड़ता है?" ही म्हणाली, "सर, एक सेकंद में आप क्या-क्या काट देते हैं?" सर्जन 'इथे सांभाळा' म्हणतात तेव्हा पडद्यावर सुरी नेमकी तिथंच हवी, नाहीतर शिकणारी पोरं भलत्याच ठिकाणी सांभाळतील, हे तिचं म्हणणं. टाळीचं कोडंही तेव्हा उलगडलं. हात मिटलेले दिसतात त्याच क्षणी आवाज ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर किती घसरला ते तिथंच कळतं. जुळवून झालं की टाळी कापून टाकायची.

आईचा वेग तर तासाभरात पूर्ववत झाला. पण शेवटाकडे आवाज अजून थोडासा सुटत होता, फार तर दोन-अडीच सेकंद. मी म्हटलं, एवढं चालेल गं. तिला चालणार नव्हतं. पण या कॅसेटवर टाळी कुठून आणायची? कुंदा तीन रविवार ती चाळीस मिनिटं पुढे-मागे करत बसली. तिसऱ्या रविवारी मला हाक मारून म्हणाली, "हे पाह्य, सापडल्या. तुझ्या आईनं किती टाळ्या वाजवून ठेवल्यात तुझ्यासाठी." पडद्यावर आई खलबत्त्यात दगडफूल कुटत होती. प्रत्येक घावाला बत्ता खाली येताना दिसत होता आणि ठण् आवाज होत होता. कुंदानं घावाला घाव जुळवला. मग आई मान वर करून म्हणाली, "बघतेस ना नीट? नंतर मी नसेन सांगायला." ...आणि या वेळी तिचे ओठ तेच म्हणत होते. मी कुंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि ती डाफरली नाही.

त्या दिवाळीपासून मसाल्याची पहिली बरणी कुंदाची. ती झाकण उघडून वास घ्यायची आणि "आवाज बरोबर लागला," म्हणायची. तिच्या शेजारी बसून मीही जुळवाजुळव शिकले. अर्थात शिव्या खात.

गेल्या आठवड्यात मंडळानं तिच्यासाठी सभा ठेवली आणि दहा मिनिटांची फिल्म करायचं काम माझ्यावर आलं. मी सगळ्या तयार फिल्म पाहिल्या. इतक्या वर्षांचे गणपती, नाटुकली, हळदीकुंकू... आणि एकातही कुंदा नाही! सदा कॅमेऱ्यामागे उभी असलेली बाई दिसणार कुठे? हताश होऊन तिच्या घरी गेले. वसंतरावांनी, तिच्या यजमानांनी, कपाटावरून बुटाचे खोके काढून दिले. न कापलेल्या मूळ कॅसेट. पहिली लावली आणि समोर कुंदा आली. हात उंच केले, टाळी वाजवली, गेली. दुसरीत कुंदा. तिसरीत कुंदा. कधी काळे केस, कधी पांढरे, कधी तोच तो मोरपंखी स्वेटर. वसंतराव आतून खुर्ची घेऊन आले आणि शेजारी बसले.

मी त्या टाळ्या एकामागोमाग एक लावल्या. शेवटची यंदाच्या गणपतीतली होती. तिचा आवाज जुळेचना. हातावर हात पडलेला दिसत होता, पण आवाज नव्हताच. नेहमीचे तीन प्रश्न स्वतःला विचारले, सगळं तपासलं, चूक कुठेच सापडेना. मग आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा ऐकू आलं. अगदी हलकं, कापडावर कापड पडावं तसं. ते नेमकं जागेवरच होतं. तिच्या हातात जोरच उरला नव्हता.

ते तिलाही कळलं असावं. कारण या एकाच कॅसेटवर ती टाळी वाजवून निघून जात नाही. थांबते, तळहातांकडे बघते, श्वास घेते आणि पुन्हा वाजवते. या वेळी आवाज येतो.

जुळवून झालं की टाळी कापायची, असं तिनंच शिकवलं होतं. मी दोन्ही टाळ्या ठेवल्या.