पाठीवरच्या दोन थापा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोपरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही ज्युदो शिकायचो. मी वर्तकनगरची, माझी जोडीदारीण खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वजन दोघींचं एकच, त्यामुळे सराव कायम एकमेकींशी. मला हरणं सहन व्हायचं नाही, पत्त्यांतसुद्धा. ती हरली तरी हसायची. गळा आवळला गेला की माझ्या पाठीवर दोन थापा मारायची, उजव्या खांद्याखाली, नेहमी त्याच जागी. थापा म्हणजे हार कबूल, त्या पडल्या की सोडायचं, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

परदेशातल्या स्पर्धेला आमच्या वजनात एकच मुलगी जाणार होती. निवडीची शेवटची लढत आम्हा दोघींचीच झाली. ती खाली, मी वर, तिच्याच कॉलरने तिचा गळा आवळलेला. तिने दोन थापा मारल्या. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना तिचा हात दिसलाच नाही. त्यांनी थांबवण्याआधी मी सोडलं असतं तर लढत चालू राहिली असती, आणि उभ्याने ती मला भारी पडायची.

मी सोडलं नाही. ती बेशुद्ध पडली.

थोड्या वेळाने उठली, पण आवाज कायमचा घोगरा झाला. थापांबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. मीही मूग गिळून गप्प बसले.

परदेशात ब्राँझच्या लढतीत तीच पकड बसली. खालच्या मुलीचा चेहरा काळानिळा होत चालला होता. तिच्या दोन्ही मुठींत माझ्या बाह्या होत्या, मला त्या स्पष्ट दिसत होत्या. आणि माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या. उजव्या खांद्याखाली.

माझे हात आपोआप सुटले. ती निसटली आणि पुढच्याच झटापटीत मला तिने पाठीवर आपटलं. ब्राँझ गेलं.

"सोडलंस कशाला?" सरांनी विमानात विचारलं. काय सांगणार, कप्पाळ! थापांचं मी घरीसुद्धा बोलले नाही.

परतल्यावर भर दुपारी धीर करून कोळीवाड्यात तिच्याकडे गेले. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सोरलंस ना गो तिला?"

मी कशीबशी मान हलवली.

"मंग माज्या वेलेला का नाय सोरलंस?"

मला परदेशात जायचं होतं, एवढंच उत्तर होतं. तिच्यासमोर बसून मीही सुकट निवडायला लागले.