कानाची झापडं

माझ्या हेडफोनचा स्पंज त्या हिवाळ्यात पार गळायला आला होता. कानावरून काढला की पाळीला काळा भुगा चिकटून राहायचा. मी तसाच ड्युटीवर गेलो की हमाल हसायचे. "सायेब, कानाले काजळ कायले लावलं जी? कोनाची नजर लागून राह्यली का तुमाले?" वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती. ती एका ठरावीक कोनात वाकवून बोटानं धरली तरच दोन्ही कानांत आवाज यायचा. नाहीतर गाणारा एका कानात आणि तबला कुठंच नाही, अशी गत.

मी तेव्हा दारव्ह्याला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. आमचं घर मूळचं यवतमाळचं, वडील, काका सगळे कचेरीत टेबलाशी बसून निवृत्त झालेले. मी एकटाच उन्हात उभा राहायच्या नोकरीला लागलो. गाडी आली की तिच्यातला कापूस काढायचा, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी बघायची आणि एक सरकी दाढेखाली धरून फोडायची. कापूस वाळलेला असला तर सरकी कट् वाजते. ओला असला तर नुसती दबते, आवाज येत नाही. त्या आवाजावर मी सांगायचो, घ्या किंवा परत न्या. शेजारी सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांची धडधड चालू असली तरी माझा कान चुकत नाही, असा माझा तोरा होता.

तोच कान मी घरी आल्यावर गाण्याला लावायचो. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे हंगामात संध्याकाळी दारावर माणसं यायची. ज्यांचा कापूस परत केला ते, ज्यांची गाडी चार दिवस आवारात उभी आहे ते, कुणाच्या ओळखीनं आलेले. आमची भाड्याची खोली केंद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. मी हेडफोन चढवायचो आणि दाराकडे पाठ करून बसायचो. बायको दाराशी जाऊन काय ते सांगायची. मला बोलवायचं झालं तर ती दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची. भारनियमनात दिवाच नसायचा, तेव्हा ती बोलवायचीच नाही.

"घान्याच्या बैलाच्या डोळ्याले झापडं असतात," ती म्हणायची, "तुमी कानाले लावले."

त्या वर्षी जादा कामाचे रखडलेले पैसे एकदम हातात आले आणि मी नवा हेडफोन घ्यायचं मनात घेतलं. रक्कम फार नव्हती. कापसाचं सगळंच बिनसलेलं होतं, केंद्र पुढच्या हंगामाला उघडेल की नाही याची आमच्यात रोज चर्चा व्हायची. बायकोच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती आणि ती तशीच सुईत दोरा ओवायची. अशा वेळी हेडफोन घ्यावा का? मी आठवडाभर तोलत राहिलो. गावातला रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, "नवा स्पंज बसवून देतो, वायर बदलून देतो, कायले नागपूरले पैसे घालता?" उलट एका मित्रानं नागपुरात बाहेरच्या कंपनीचा मोठा हेडफोन ऐकला होता. सोबत एक लहानशी पेटी, आवाजाला जोर देणारी. तो म्हणाला, "त्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. जुन्या कॅसेटीतसुद्धा असं काही सापडतं, की आपण आजवर काय ऐकत होतो असं वाटतं."

मी बायकोला विचारलं. मनातून मला ती नाही म्हणायला हवी होती, म्हणजे दोष तिच्यावर टाकता आला असता.

"घ्या ना," ती म्हणाली. "सगळा हंगाम लोकायच्या शिव्या खाता. एक तरी गोष्ट मनासारखी घ्या."

"आणि तुझा चष्मा?"

"मले कुठं श्वास पाहायचा हाय कोनाचा!"

दुकानात जाताना आपली माहितीची कॅसेट घेऊन जावी, असं मित्रानं बजावलं होतं. आपल्याला पाठ असलेलं गाणं नव्यावर कसं वाजतं ते ऐकावं, म्हणजे फरक कळतो. मला सर्वांत पाठ असलेली कॅसेट बायकोच्या आवाजातली होती.

तिच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली त्या वर्षीची. बारशाला पाळणा म्हणायचा मान मोठ्या मावशीचा, पण बारसं ऐन खरेदीच्या गर्दीत आलं आणि मला सुट्टी मिळाली नाही. एकटी तू जा, असं मी म्हणालो नाही. त्याऐवजी मी सुचवलं की पाळणा रेकॉर्ड करून पाठवू. टेपरेकॉर्डर खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कारण बटणाचा बोर्ड तिथंच होता. ती खाली चटईवर बसली आणि तिनं आईकडून आलेला पाळणा म्हटला. एक प्रत बहिणीकडे गेली, मूळ कॅसेट माझ्याकडे राहिली. पाळण्याच्या मधल्या कडव्यात तिचा आवाज थरथरतो. घरी कुणी आलं की मी ती जागा मुद्दाम ऐकवायचो. "इथं ऐका. बहिणीच्या आठवणीनं गळा कसा भरून आलाय!" बायको तेव्हा चहा करायला उठून जायची. मला तो तिचा संकोच वाटायचा. त्यानंतर ती कधी गायली नाही. विचारलं की म्हणायची, "आता दम राह्यला नाही." मी ते मान्य केलं होतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी दारावर कुणीतरी आलं होतं, हे मला माहीत होतं. मी ते विसरलो होतो असं लिहिणार नाही. पण आमच्याकडे कॅसेट लावली की त्या जागी नुसती घरघर यायची आणि घरघर विसरणं सोपं असतं.

एका सुट्टीच्या दिवशी एसटीनं नागपूरला गेलो. सीताबर्डीच्या एका गल्लीत दुकान होतं. मालक गादीवर मांडी घालून बसलेला. माझे केंद्रावरचे बूट बघून त्याला माझी ऐपत कळली असावी, पण तो बोलायला चांगला होता.

"भाऊ, पहिले सुनो. लेना न लेना बाद में. अपनी कॅसेट लाये?"

मी दिली. त्यानं ती लावली, हेडफोन माझ्या डोक्यावर स्वतः नीट बसवला आणि पेटीचं बटण हळूहळू फिरवलं.

बायको माझ्यासमोर चटईवर बसली आहे असा आवाज आला. चटईची सळसळसुद्धा आली. बांगडी एकदा जमिनीला लागली ती कळली. मला डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं आणि मी मालकाकडे बघून मान हलवली. मी हा घेणार, असं त्या क्षणी ठरलं होतं.

मग मधलं कडवं आलं. घरघरीच्या जागी मुरुमावर पावलं वाजली. कुणी खाकरलं.

"बाई, सायेब हायेत का जी घरी?"

बायकोचा आवाज थांबायला आला. त्याबरोबर अगदी जवळून, कुजबुजत, माझा आवाज. "थांबू नको. म्हणत राह."

ती म्हणत राहिली. थरथरली ती तिथं.

"सायेब, बुडातला कापूस आनला मी. एकडाव चाऊन पाहा, मंग परत म्हना." बाहेरचा माणूस खिडकीशी आला होता. तो माझ्यापेक्षा टेपरेकॉर्डरच्या जवळ उभा होता. थोडा वेळ फक्त पाळणा. आणि मग कट्. पुन्हा एकदा, कट्. कोरडा, लख्ख आवाज. तो माणूस खिडकीबाहेर उभा राहून स्वतःच्या दाढेखाली सरक्या फोडत होता, मला ऐकवायला.

"वाळला हाय जी. आइकू आला का?"

पाळणा चालूच. पावलं परत गेली.

"क्या हुआ? बेस जादा है?" मालकानं विचारलं.

पाळणा रेकॉर्ड केला त्या दिवशी आवारात काय झालं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या सगळं आठवलं. खिडकीबाहेरचा तो माणूस जवळच्या एका तांड्यावरचा म्हातारा होता. दोन रात्री त्याची बैलगाडी उघड्यावर उभी होती. पौषातलं दव पडतं आणि गाडीतला वरचा थर ओला होतो, हे केंद्रावरच्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. म्हणून ग्रेडरनं गाडीत कोपरापर्यंत हात घालून बुडाचा कापूस काढायचा, हा पहिला धडा. त्या दिवशी गोदामात जागा नव्हती. वरून तोंडी सांगणं होतं की आज जरा कडक बघा. मी वरचाच कापूस उचलला, सरकी दाबली आणि म्हणालो, "ओला आहे. परत."

"वरचा दवानं ओला हाय, सायेब. खाली हात घाला."

"मला शिकवतोस का?"

मागच्या गाड्यांवरचे लोक हसले होते. तेही माझ्या धाकानं हसले असतील. फाटकाबाहेर खाजगी व्यापाऱ्यांची माणसं उभीच असायची, परत आलेला कापूस पडेल त्या भावानं घ्यायला.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात ज्या कारणासाठी यायचं, ते इथं कुणी जोडून घेऊ नये. तो म्हातारा जगला. पुढच्या हंगामात फाटकाशी मला दिसलाही. "रामराम सायेब," म्हणाला. मीही रामराम केला. त्यानं काही बोलून दाखवलं असतं तर मला राग तरी आला असता.

मी हेडफोन काढून मालकाच्या हातात दिला.

"पसंत नहीं आया?"

"नाही. फार फरक वाटला नाही."

तो चकित झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं, कपाळावरचा घाम बघितला असेल, आणि त्याला वाटलं की हा पैशाला बिचकला. "भाऊ, दाम में बैठ के बात करते," तो म्हणाला. मी कॅसेट खिशात घालून बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा बायको वांगी चिरत होती. माझे रिकामे हात तिनं बघितले.

"नाही घेतला?"

"पैसे वाया गेले असते. आहे त्यालाच स्पंज बसवून घेतो. तुझा चष्मा करू."

"कॅसेट आइकली का तिथं?"

"ऐकली."

ती चिरायची थांबली. "मंग? माझाच आवाज आला फक्त?"

मला तेव्हा कळलं की तिला सगळं माहीत आहे. मी पाहुण्यांना ती जागा ऐकवायचो तेव्हा दर वेळी तिला तो माणूस ऐकू येत होता. त्यासाठी तिला कुठलं यंत्र लागत नव्हतं. आता ती मला कबूल करायला जागा करून देत होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अजून एक आवाज आला.

"हो," मी म्हणालो. "तुझाच. फार स्वच्छ आला."

"असं," ती म्हणाली आणि पुढचं वांगं घेतलं.

नंतर कित्येक दिवस माझं कौतुक झालं. सासऱ्यांनी फोनवर म्हटलं, जावई शहाणा, बायकोच्या चष्म्यासाठी स्वतःची हौस मारली. मित्रानं मला सल्ला न ऐकल्याबद्दल आधी शिव्या दिल्या आणि मग इतरांना माझं उदाहरण द्यायला लागला. मी कुणाचंही म्हणणं खोडून काढलं नाही. हौस मारली हे खोटं होतं. जो हेडफोन कमी ऐकवतो तो मी ठेवला, एवढंच खरं होतं.

दुरुस्ती करणाऱ्यानं स्पंज चांगला बसवला. वायरही बोटानं धरावी लागेना. एका संध्याकाळी बायको बाहेर गेलेली असताना मी पाळण्याची कॅसेट लावली. त्या जुन्या हेडफोनात पुन्हा पूर्वीसारखी घरघर असेल, या खात्रीनं लावली. मधलं कडवं आलं. घरघर होती. पण ती कुठून कुठपर्यंत जाते ते आता मला पाठ झालं होतं, आणि तिच्यात पावलं होती, खाकरणं होतं, आणि बरोबर त्या जागी, बारीक पण कोरडं, कट्.

पुढच्या हंगामापर्यंत केंद्र चालू राहिलं. त्या हंगामात मी प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घातला. हमाल म्हणायचे, "सायेब, आज काय सोनं लपवलं हाय का बुडाशी?" ज्याच्यासाठी घालायला हवा होता त्याची गाडी त्या वर्षी आली नाही. त्यानं कपाशी सोडून सोयाबीन पेरल्याचं कुणीतरी सांगितलं. मग केंद्रच बंद झालं आणि मला यवतमाळला एका टेबलाशी बसवण्यात आलं.

हेडफोन अजून कपाटात आहे, चांगल्या अवस्थेत. मी तो लावत नाही. संध्याकाळी बसतो तो दाराकडे तोंड करून. कुणी आलं तर पहिल्या हाकेला ऐकू येईल. आता माझ्याकडे कुणाचं काही काम नसतं. बायको आतल्या खोलीत असते, नवा चष्मा लावून काहीतरी शिवत. मी कान देतो. ती गुणगुणतसुद्धा नाही.